मातीच्या गोळ्यावरचं गाव

मुलांनो, जरा नकाशाचं पुस्तक काढा पाहू! ऑस्ट्रेलियाचं पान उघडा. अगदी वर, उजव्या हाताला, शिंगासारखं एक टोक समुद्रात घुसलेलं दिसतंय ना? ते केप यॉर्क. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर वीपा नावाचं गाव आहे. तिथे तांबड्या मातीचे कडे थेट निळ्या समुद्राला भिडतात. कोकणात गेला असाल, तर ती माती तुम्हाला ओळखीची वाटेल. पावसाळ्यात मात्र इकडे येणारा रस्ता पुरामुळे अनेकदा बंद पडतो.

थॅनकुपी यांचा जन्म १९३७ साली याच भागातला. थेनक्विथ या आदिवासी समाजातल्या त्या. थॅनकुपी म्हणजे वॅटलचं फूल. हे झाड आपल्या बाभळीच्या कुळातलं!

गंमत म्हणजे, त्यांच्या समाजात मडकी घडवत नसत. माती ही पवित्र गोष्ट. सण-समारंभात अंगावर नक्षी रंगवायला ती लागायची. अशा घरातली मुलगी पुढे कुंभारकाम शिकली, हे कसं घडलं?

थॅनकुपी आधी बालवाडीत शिकवायच्या, चित्रं काढायच्या. १९७०च्या सुमारास त्या खूप दूर सिडनीला गेल्या आणि पीटर रशफोर्थ या नामवंत कुंभाराकडे शिकल्या. पण त्यांनी नुसते कप-बश्या केल्या नाहीत. त्यांनी मोठे गोळे आणि अंडी घडवली. माती थोडी सुकली, की तिच्यावर खोल रेषा कोरायच्या आणि मग हजार अंशांहून जास्त तापलेल्या भट्टीत भाजायचं. त्या रेषांमध्ये असायचे गावाकडचे पशुपक्षी, मासे आणि लहानपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी. गोळ्यावरची गोष्ट एका जागी उभं राहून दिसत नाही बरं का! भोवती फिरावं लागतं.

हा खटाटोप कशासाठी? १९५५ साली वीपाच्या तांबड्या मातीत बॉक्साइट सापडलं. ॲल्युमिनियम बनतं ते यापासूनच. मग खाणी आल्या. जंगल तुटलं, जमीन खरवडली गेली. ज्या जागांच्या गोष्टी सांगायच्या, त्या जागाच नाहीशा होऊ लागल्या. थेनक्विथ भाषा बोलणारेही मोजकेच उरले. जागा गेली, भाषा गेली, तर गोष्ट राहणार कुठे? थॅनकुपींनी ती भाजलेल्या मातीत ठेवली.

पुढे त्या वीपाला परतल्या. सुट्टीत मुलांची शिबिरं घेऊ लागल्या. २००७ साली त्यांनी आपल्या भाषेचा शब्दकोशही छापून आणला. उतारवयात त्यांनी आपले गोळे ॲल्युमिनियममध्येही ओतवून घेतले. ज्या धातूसाठी गावची जमीन खणली गेली, त्याच धातूवर गावच्या गोष्टी! असा एक भलामोठा गोळा कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाच्या आवारात आहे. २०११ साली थॅनकुपी वारल्या.

आता तुमचं काम. घरात शाडूची माती उरली असेल, तर तिचा एक गोळा करा. आजीला तिच्या गावची एखादी गोष्ट विचारा. गावाजवळचा ओढा, वड, देवराई, काहीही चालेल. टोकदार काडीनं ती गोष्ट गोळ्यावर कोरा. आणि हो, आजीच्या बोलीतला एखादा जुना शब्द सापडला, तर तोही वहीत लिहून ठेवा.