परिचयाचे दोन शब्द

वक्त्याचा परिचय करून देणे हा आपल्याकडे सभेचा एक उपचार मानला जातो. ‘यांच्या परिचयाची गरजच नाही’ असे म्हणून पदव्यांची यादी वाचणारे निवेदक आपण सर्वांनी ऐकले आहेत. संकेतस्थळे घडवणाऱ्यांच्या पुण्यातील एका छोट्या परिषदेत, साहित्याचा अध्यापक म्हणून, हे काम माझ्याकडे आले.

वक्त्यांपैकी एक दृष्टिहीन होते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने ते संकेतस्थळे तपासतात. मला मिळालेल्या टिपणाचा आरंभ ‘अंध असूनही’ असा होता. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ साली सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. चित्राला समतुल्य मजकुराची जोड हवी, हे त्यांतले पहिलेच तत्त्व. एचटीएमएलमध्ये त्यासाठी ‘ऑल्ट’ची सोय असते. तिथे ‘सुंदर छायाचित्र’ एवढेच लिहून भागत नाही. चित्र काय सांगते ते लिहावे लागते.

परिचय हाही असाच समतुल्य मजकूर होय. ‘ज्येष्ठ’, ‘ख्यातनाम’ ही विशेषणे ‘सुंदर छायाचित्रा’च्याच जातीची. ‘अंध असूनही’ त्याहून वाईट, कारण त्यात वक्त्याचे काम मागे राहते आणि आपले नवल पुढे येते. ते दोन शब्द मी गाळले. म्हटले, “अर्जातल्या रकान्याला नाव दिलेले नसेल, तर तो ऐकून भरणाऱ्याचे काय होते, हे आज आपल्याला कळेल.”

‘स्त्री असूनही’, ‘खेड्यातला असूनही’ अशी वाक्ये आपल्या प्रस्तावनांत आणि समीक्षेत आजही सापडतात. तीही एकदा तपासायला हवीत.