रोझॅनाचा प्रश्न

वसतिगृहात नववीत असताना ग्रंथालयाच्या कपाटात आम्हांस विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ या कादंबरीची संक्षिप्त इंग्रजी आवृत्ती सापडली. रात्रीच्या अभ्यासिकेत, शब्दकोश जवळ घेऊन, आम्ही ती वाचून काढली. हिरा कोणी चोरला, या प्रश्नाने आमची झोप उडवली होती. पुढे इतिहासात एम.ए. केल्यावर मूळ कादंबरी मोठ्या अपेक्षेने हाती घेतली. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या या कथेचा आरंभ १७९९ मधील श्रीरंगपट्टणाच्या पाडावापासून होतो. त्या लुटीत एक इंग्रज अधिकारी खून करून हिरा बळकावतो, अशी लेखकाची कल्पना आहे.

लेखकाचे कसब आम्ही नाकारत नाही. एकच घटना अनेक साक्षीदारांच्या तोंडून सांगण्याची त्याची पद्धत इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनांची चिकित्सा शिकवते. तरीही पुस्तक मिटताना आमची निराशा झाली. नायकाने अफूच्या अमलाखाली, स्वतःच्या नकळत हिरा उचलला, हा उलगडा आम्हांस पटला नाही; पण ती तक्रार किरकोळ आहे.

खरी उणीव निराळी. रोझॅना ही त्या घरातील मोलकरीण. पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेली, म्हणून संशय तिच्याभोवती घोटाळत राहतो. अखेर ती समुद्रकाठच्या रुतत्या वाळूत जीव देते. तिची मैत्रीण ल्युसी, कोळ्याची अपंग मुलगी, एक दिवस गरीब श्रीमंतांविरुद्ध उठतील, असे संतापाने बोलून जाते. येथे कादंबरी जागी झाली, असे आम्हांस वाटले. परंतु लेखक तिला तेथेच सोडून हिऱ्यामागे निघून जातो. शेवटी हिरा काठेवाडात चंद्रदेवाच्या मूर्तीकडे परततो आणि त्याच्यासाठी जात गमावलेले तीन ब्राह्मण प्रायश्चित्त म्हणून तीन दिशांना कायमचे पांगतात. जात गमावल्याचे दुःख लेखकाला दिसले. जातीने ज्यांचे सर्वस्व हिरावले, ते त्या यात्रेच्या गर्दीपासून किती दूर उभे होते, हे त्याला दिसले नाही.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात आम्ही ही गोष्ट सांगितली. चोर सापडल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरील एक मुलगी मात्र उभी राहिली. “सर, रोझॅनावर संशय घेतल्याबद्दल तिची माफी कोणी मागितली का?”

आम्ही निरुत्तर झालो. या वसतिगृहात येण्यापूर्वी, गावच्या शाळेत कोणाची पेन्सिल हरवली तरी पहिली झडती आमच्या दप्तराची होत असे. तो अपमान अनुभवूनही चौदाव्या वर्षी आम्ही हिऱ्याच्या शोधात रोझॅनाला विसरलो होतो. लेखकाला दोष देताना हेही कबूल केले पाहिजे.

तो प्रश्न आम्ही फळ्यावर लिहिला आणि पुसू दिला नाही. दुसऱ्या दिवशीचा इतिहासाचा तास तेथूनच सुरू झाला.