न पोचलेली हाक

कोसळलेला प्रोग्रॅम मागे काहीतरी ठेवून जातो. अडकलेला प्रोग्रॅम जिवंतच असतो. सीपीयू शून्यावर, पंखा मंदावलेला, कर्सर लुकलुकतोय. डीबगर लावून आत पाहावं तर स्टॅकच्या अगदी वरच्या ओळीत तेच ओळखीचं नाव: फ्युटेक्स वेट. हातातलं लॉक शहाण्यासारखं सोडून देऊन, कोणीतरी उठवील या भरवशावर एक थ्रेड कर्नलच्या कुशीत निजलेला, ज्या कामाची तो वाट पाहत होता ते केव्हाच रांगेत येऊन पडलेलं, लॉकही मोकळं, दारंही सगळी उघडी.

आणि तो झोपलेलाच.

त्याच्याकडे पाहून फार वाईट वाटतं. त्यानं नियम मोडलेला नसतो. ज्यानं बिघाड केला तो थ्रेड मात्र कधीच आपलं काम आटोपून निघून गेलेला असतो. शोधायला म्हणून प्रिंटची एक ओळ घालावी, तर तेवढ्यानंच वेळा सरकतात आणि बग दिसेनासा होतो.

लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीत असा एक बग वर्षानुवर्षं राहिला. 2017च्या 2.25 आवृत्तीत कंडिशन व्हेरिएबलची, म्हणजे थ्रेड ज्यावर हाकेची वाट पाहत निजतात त्या सोयीची, नवी मांडणी आली. वाट पाहणाऱ्यांचे दोन गट, आधी आलेल्यांचा आणि मागून आलेल्यांचा. हाक, म्हणजे सिग्नल, आधी पहिल्यांना. पहिला गट सरला की दुसरा पुढे येतो आणि रिकामी जागा नव्यांना मिळते. या अदलाबदलीत एखादा रेंगाळलेला थ्रेड दचकून जागा होतो, समोरचा सिग्नल उचलतो, आणि मग त्याला शंका येते: हा माझा होता, की माझ्या मागून आलेल्या कुणाचा? त्यासाठी लायब्ररीत तजवीज होती. शंका असेल तर एक सिग्नल परत ठेवावा.

किती सज्जन विचार! बिघाड नेमका इथंच होता. कधीकधी कुणाचं काही घेतलेलंच नसे, तरी परतफेड होई. त्या जादा सिग्नलवर कुणीतरी उठून जाई, पण गटाची मोजणी तशीच राही. मग पुढची खरी हाक, बिऱ्हाड हललेल्या घरात टाकलेल्या पत्रासारखी, त्या रिकाम्या गटात जाऊन पडे.

2020 मध्ये हा बग नोंदवला गेला. एका प्रोग्रॅमरनं ही सगळी रचना टीएलए प्लस या रचना तपासण्याच्या भाषेत उतरवून, घटनांचे शक्य ते सारे क्रम यंत्राकडून तपासून घेतले आणि झोपेचा तो क्रम उजेडात आणला. दुरुस्ती आली जानेवारी 2025मध्ये, 2.41 सोबत. तिनं आणखी एक खबरदारी वाढवली नाही. सिग्नल चुकून घेणं आणि परत ठेवणं हा प्रकारच मुळातून काढून टाकला. तो पॅच वाचताना वजा चिन्हाच्या ओळींवरून माझी नजर हलेना. दुसऱ्याची हाक आपण घेतली तर नाही ना, ही काळजी कुणीतरी इतक्या मनापासून लिहून ठेवली होती, आणि ती पुसल्यावरच मागचे सगळे वेळेवर उठू लागले.