मामांची बिनक्लचची मोटार

प्रवासवर्णन लिहायचे तर माणसाने निदान काश्मीर किंवा कुलू-मनाली तरी पाहिलेले असावे, अशी आमच्या कॉलेजातील सहकाऱ्यांची समजूत आहे. मी ज्या प्रवासाविषयी लिहिणार आहे तो हिंदू कॉलनीत सुरू होतो आणि शिवाजी पार्कवर संपतो. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर. पायी निघालेला माणूस टिळक पुलावर थांबून खालून जाणाऱ्या दोन लोकल गाड्या बघूनही पाऊण तासात पोचतो. परंतु माझ्या मामांना हा प्रवास पायी करता येत नाही. त्यासाठी त्यांना साडेसतरा फूट लांबीची एक मोटार लागते, आणि त्या मोटारीच्या पोटातील एका गिअरबॉक्सची मर्जी सांभाळावी लागते.

मामांना १९४४ साली, तीन वर्षांचे असताना, ताप आला. ताप उतरला तेव्हा डावा पाय गेला होता. साल्क यांची पोलिओची लस निघायला अजून अकरा वर्षे अवकाश होता. पुढे मामा शिकले, परळला छापखाना काढला, लग्नपत्रिका आणि पतपेढ्यांचे अहवाल छापू लागले. पण हिंदू कॉलनीतून परळला रोज जायचे कसे हा प्रश्न काही सुटेना. बसच्या पायऱ्या उंच आणि टॅक्सीचा खर्च त्याहून उंच. आपणच मोटार चालवावी म्हटले, तर त्या काळी आपल्याकडे मिळत ॲम्बॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड. तिन्हींना क्लच, आणि क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो.

तेव्हा परदेशी वकिलातींनी वापरलेल्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. १९७० मध्ये तशी एक शेव्हर्ले इम्पाला विक्रीला निघाली. मॉडेल १९६४ चे, रंग फिकट आकाशी. तिला क्लच नव्हता. आजीने पाटल्या आणि गोठ काढून दिले. पहिल्या दिवशी मोटार गल्लीत शिरली तेव्हा समोरच्या इमारतीतील मंडळींना वाटले, मामांनी सिनेमा काढायला घेतला. इम्पाला म्हणजे सिनेनटांची गाडी! त्यातून उतरला लग्नपत्रिका छापणारा गृहस्थ, डावा पाय हाताने उचलून बाहेर ठेवीत.

क्लच नाही म्हणजे काय, हे मला मामांनी मी नऊ-दहा वर्षांचा असताना दोन टेबलफॅन घेऊन दाखवले होते. दोन्ही पंखे समोरासमोर ठेवायचे आणि एकच चालू करायचा. त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागतो. फिरणाऱ्या पंख्याच्या जागी इंजिन समजा, दुसऱ्याच्या जागी चाके, आणि वाऱ्याच्या जागी तेल. गाडी सिग्नलला थांबली की पहिला पंखा तेल घुसळत राहतो, दुसरा उभा. इंजिन बंद पडत नाही आणि पाय कोणालाच दाबावा लागत नाही. मधे आणखी एक छोटे चक्र असते. ते परतणारे तेल योग्य दिशेला वळवते आणि त्यामुळे सुरुवातीला जोर वाढतो. ही युक्ती हर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये काढली ती जहाजांसाठी. मोटारीत आपोआप बदलणारे गिअर मोठ्या प्रमाणावर आले ते १९४० च्या ओल्डस्मोबिलमध्ये, आणि शेव्हर्लेने आपला 'पॉवरग्लाइड' आणला १९५० मध्ये. इम्पालातला गिअरबॉक्स तोच. पुढे जाण्याचे गिअर फक्त दोन! फियाटवाले चारांची ऐट मिरवीत, तेव्हा मामा म्हणत, "दोन पाय असणाऱ्यांना चार गिअर, मला दोन. हिशेब बरोबर आहे."

रविवार सकाळ म्हणजे तेल बघण्याची वेळ. इंजिनचे तेल गाडी थांबवून बघतात. या गिअरबॉक्सचे तेल गाडी गरम असताना, सपाट जागी आणि इंजिन चालू ठेवूनच बघायचे. मामा आधी पाच बागांना एक फेरी मारून येत, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवीत, पट्टी ओढून जुन्या धोतराच्या फडक्याने पुसत, पुन्हा घालून पुन्हा काढीत. तेल लालभडक. मग ते बोटावर घेऊन त्याचा वास घेत. जळका वास आला तर आतल्या चकत्या जळू लागल्या असे समजायचे. मामी म्हणायच्या, "आमटीला कधी इतक्या काळजीनं वास घेतला नाही यांनी." पूर्वी या तेलात देवमाशाचे तेल मिसळत आणि अमेरिकेने १९७० नंतरच्या काळात ते बंद केले, हेही मामांनीच सांगितले. आमचे शाकाहारी घर ते ऐकून दोन दिवस अस्वस्थ होते.

एकदा, मी दहा वर्षांचा असताना, पहाटे बॅटरी गेली. फियाट असती तर चार माणसांनी ढकलून सुरू झाली असती. हिला माणसांचा धक्का पुरत नाही. मात्र त्या सालच्या पॉवरग्लाइडला मागच्या बाजूला तेलाचा दुसरा पंप असे, आणि गाडीला ताशी वीस-पंचवीस मैलांचा वेग मिळाला की तो पंप तेलाचा दाब तयार करून इंजिन फिरवी. पुढे १९६७ पासून कंपनीने तो पंप काढून टाकला. तर भाजी उतरवून परतणाऱ्या एका ट्रकने, मधे जुना टायर धरून, इम्पालाला आंबेडकर रोडवरून ढकलीत नेले. मामा सुकाणूवर, मी शेजारी, आणि ट्रकचा क्लीनर बोनेटवर! खोदादाद सर्कलच्या अलीकडे इंजिनाने हुंकार दिला. त्या क्लीनरच्या चेहऱ्यावरचा आनंद मी अजून विसरलो नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट २०२२ ची. कोविडच्या काळात मोटार उभीच राहिली. मामा ऐंशी पार झाले होते. तरी बंदी उठताच त्यांनी गाडी बाहेर काढली. पुढच्या पावसाळ्यात लक्षात आले की गिअरबॉक्सचे तेल कमी होते आहे. आठवड्याला अर्धा लिटर. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवले, त्यावर एक थेंब नाही! आणि खोदादाद सर्कलला थांबले की मागून पांढरा धूर. मागचा रिक्षावाला... क्षमा करा, दादरला रिक्षा नाहीत; मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वाजवून थके.

एका मोठ्या गॅरेजात नेली. तेथील तरुण साहेबांनी पाच मिनिटांत निकाल दिला: गिअरबॉक्स संपला, असले आता कोणी उघडत नाही, जीपचे डिझेल इंजिन आणि क्लचचा गिअरबॉक्स बसवून टाकू. त्यात नवे काही नव्हते. मुंबईतील कितीतरी अमेरिकन मोटारींची पोटे अशी बदलली आहेत, आणि वरच्या झकपक पत्र्याखाली त्या टेम्पोसारख्या खडखडतात. मी विचारले, "पण क्लच कोण दाबणार?" साहेब म्हणाले, "ड्रायव्हर ठेवा."

परतताना मामा एक शब्द बोलले नाहीत. अमेरिकेतील मामेभावाचे म्हणणे, गाडी विकून टाका आणि नवी ऑटोमॅटिक घ्या, आता तर लहान गाड्याही तशा मिळतात. बोलणे खरे होते. मला उत्तर सुचेना. रात्री मामी मला जिन्यापाशी म्हणाल्या, "नवी घेतील रे. पण ती शिकेपर्यंत मुलगा म्हणेल, बाबा, आता पुरे. ही आहे तोवर कोणी पुरे म्हणत नाही."

मग मी आणि मामा हिंडलो. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे, चोरबाजारात. मोटारीतून नव्हे, टॅक्सीने. गिअरबॉक्स म्हटले की माणसे हसत. शेवटी लालबागला एका चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री सापडले. मूळचे मालवणकडचे, तरुणपणी एका गिरणीमालकाच्या मोटारी त्यांच्याकडे असत. ते हिंदू कॉलनीत आले, धूर पाहिला, गाडीखाली शिरले आणि गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूची करंगळीएवढी एक रबरी नळी ओढून काढली. नळीतून लाल तेल ठिबकले.

"हय वारो व्हयो," मिस्त्री म्हणाले, "हय तेल खयसून इला?"

खुलासा असा. त्या नळीतून इंजिनची ओढ गिअरबॉक्सपर्यंत पोचते. इंजिनवर किती भार आहे ही बातमी नेणारा तो निरोप्या. त्यावरून आतला तेलाचा दाब ठरतो, गिअर केव्हा आणि किती हळुवार बदलायचा ते ठरते. नळीच्या टोकाला पत्र्याची एक डबी असते आणि तिच्यात रबराचा पातळ पडदा. तो पडदा फाटला होता. बहुधा दोन वर्षे उभ्या गाडीत वाळून कडक झाला असावा. मग इंजिन त्या नळीतून तेलच ओढून पिऊ लागले आणि जाळू लागले. तोच पांढरा धूर. गिअरबॉक्स धडधाकट होता!

डबी अमेरिकेत दुकानात मिळते. विकून टाका म्हणणाऱ्या मामेभावानेच ती एका मित्राच्या सामानातून पाठवली, लाडूच्या डब्याएवढ्या खोक्यात. तोवर मिस्त्रींनी नळीचे तोंड बोल्ट घालून बंद केले. गाडी चाले, पण गिअर उशिरा आणि गचका देऊन बदले. दर वेळी मामींची मान हले.

डबी बसली त्या दिवशी मामांनी हट्ट धरला की पट्ट्याचाही ताण बघायचा. पहिल्या गिअरमध्ये आतल्या ढोलाला एक पोलादी पट्टा आवळून धरतो; त्याचा स्क्रू बाहेरून कसता येतो. मामांच्या पुस्तकात लिहिलेले: सत्तर इंच-पौंड जोराने आवळा, मग चार पूर्ण फेरे उलटे सोडा, पट्टा सहा हजार मैलांपेक्षा कमी वापरलेला असेल तर तीन. मिस्त्री म्हणाले, हाताला कळते. मामा म्हणाले, पुस्तकाला जास्त कळते. एवढ्या बारीक मापाचा पाना मिस्त्रींजवळ नव्हता. मामांनी कागदावर हिशेब मांडला: दहा इंचांवर सात पौंड, म्हणजे तीन किलो एकशे पंचाहत्तर ग्रॅम. मी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याचा स्प्रिंगकाटा आणला. "खरा देऊ की रोजचा?" त्याने विचारले. खरा आणला, आणि तरीही मामींच्या साखरेच्या तीन पुड्या टांगून तपासून घेतला.

मिस्त्री गाडीखाली, काट्याचे टोक पान्याला अडकवलेले, मी पालथा पडून काटा ओढतो आहे आणि मामा खुर्चीवरून आकडा विचारताहेत. एम. ए. ला भाषाशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने असे तेलात लोळावे हे पाहायला गल्लीतली मुले जमली. आधी मिस्त्रींनी नुसत्या हाताने आवळले. काटा लावला तर सव्वातीनच्या किंचित आत. मामांनी पुस्तक मिटले. "मिस्त्री, चार फेरे तुमच्या हातानंच सोडा," म्हणाले.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, २४ ऑक्टोबरला होते. पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. मामांच्या कानामागे उटणे राहिले होते. उजवा पाय ब्रेकवर, डावा हाताने उचलून आत ठेवलेला. खोदादाद सर्कलला एक काळी-पिवळी फियाट टॅक्सी शेजारी उभी राहिली. ती जात पुढच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर २०२३ ला, रस्त्यावरून गेली. ड्रायव्हरने मागे वाकून आमच्या धुराड्याकडे पाहिले. धूर नव्हता. टिळक पुलाच्या चढावर पहिल्याचा दुसरा गिअर केव्हा झाला ते मला कळलेच नाही. पुलाखाली फुलबाजार पिवळाधमक; प्लाझावरून पुढे जाईतो झेंडूचा वास मोटारीत होता. शिवाजी पार्कला कट्ट्यावर नव्या कपड्यांतली तरुण मंडळी दाटलेली. मामा उतरले नाहीत. काच खाली करून, इंजिन चालू ठेवून त्यांनी कुठून तरी येणारे गाणे ऐकले आणि म्हणाले, "गरम झाली आहे. तेल आताच बघ."

मी तिथेच, दिवाळीच्या झब्ब्यात, पट्टी ओढली. तेल खुणेवर होते.

आता इमारत पुनर्विकासाला जायची आहे. नव्या नकाशात यांत्रिक पार्किंग असून त्याचे फळे पाच मीटरांचे आहेत. इम्पाला पाच मीटर तेहेतीस सेंटिमीटर. मामांनी सोसायटीला पत्र लिहिले आहे. मसुदा माझ्याकडून तपासून घेतला. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोनच चुका निघाल्या.