भविष्य आणि बेरीज

गुढीपाडव्याच्या दिवशीं कडुनिंबाचा पाला खाऊन झाला म्हणजे नव्या पंचांगांतलें वर्षफल ऐकावयाचें, हा आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेला परिपाठ आहे. यंदां पाऊस किती आढक पडेल, धान्य महाग होईल कीं स्वस्त, वर्षाचा राजा कोण आणि मंत्री कोण, हें सर्व आम्ही लहानपणापासून भक्तिभावानें ऐकत आलों आहों. परंतु फाल्गुन वद्य अमावास्येस तेंच पंचांग पुन्हां उघडून, सांगितलेल्यापैकीं खरें किती ठरलें व खोटें किती, याचा हिशेब मांडणारें घर मात्र आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं. भविष्य सांगणें मनुष्याला आवडतें. सांगितलेलें भविष्य तपासणें आवडत नाहीं.

तपासणीचा असा परिपाठ आम्हांस प्रथम आढळला तो दूर अमेरिकेंत, आणि तोहि कॉलेजांतील मुलांच्या एका खेळाच्या बाबतींत. आमचा एक पुतण्या न्यू जर्सींत पुष्कळ वर्षें सहकुटुंब राहतो. २०२४ च्या ऑक्टोबरांत आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों, तें मार्च संपेपर्यंत तेथेंच राहिलों. थंडीमुळें बाहेर फिरणें थोडें. तेव्हां संध्याकाळीं पुतण्याच्या दोन मुलांबरोबर बास्केटबॉलचे सामने पाहणें हाच आमचा विरंगुळा झाला. थोरला सतरा वर्षांचा, धाकटा अकरांचा. शाळेंत दिवसभर इंग्रजी बोलणारीं हीं मुलें घरांत आम्हांशीं मराठींत बोलत, आणि खेळांतल्या खाचाखोचा सांगावयाच्या असल्या म्हणजे त्यांच्या मराठीला विशेषच धार येई.

हा खेळ १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें काढला. हिवाळ्यांत मुलांना छपराखालीं खेळतां यावें म्हणून त्यानें सज्ज्याला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, एवढेंच त्याचें मूळ भांडवल. आज तिकडील कॉलेजें या खेळासाठीं निरनिराळे गट करून राहतात; अशा गटास ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. आपल्याकडील गोत्रासारखेंच हें नातें समजावें. फरक इतकाच कीं, तेथें सगोत्रांतच झुंज लागते. आमच्या मुलांचें लक्ष होतें तें ‘बिग ईस्ट’ नांवाच्या कॉन्फरन्सकडे. ती १९७९ सालीं स्थापन झाली, २०१३ सालीं फुटून नव्यानें मांडली गेली, आणि २०२० सालीं कनेक्टिकट परत आल्यापासून तिच्यांत अकरा कॉलेजें आहेत. प्रत्येकानें उरलेल्या दहांशीं एकदां स्वतःच्या अंगणांत व एकदां त्यांच्या अंगणांत खेळावयाचें. म्हणजे प्रत्येकाचे सामने वीस, आणि मार्चच्या आरंभीं लागतो तो क्रम पहिल्यापासून अकराव्यापर्यंत अगदीं स्वच्छ. सर्वत्र इतका न्याय नाहीं. ‘बिग टेन’चें नांव दहाचें, परंतु २०२४ पासून कॉलेजें अठरा, आणि सामने मात्र वीसच. तेव्हां तेथें तिघांशीं दोनदां व चौदांशीं एकदांच गांठ पडते. कोणाच्या वांट्याला दुबळे येतात तर कोणाच्या वांट्याला बलिष्ठ.

दर वर्षीं ऑक्टोबरांत, पहिला चेंडू उडण्यापूर्वीं, बिग ईस्टच्या अकराहि संघांचे कोच पुढील हंगामाचा क्रम मतांनीं ठरवितात व तो जाहीर होतो. या मतदानाचा एक नियम आम्हांस फार शहाणपणाचा वाटला. कोणत्याहि कोचाला स्वतःच्या संघास मत देतां येत नाहीं.

आतां या तज्ज्ञांच्या भविष्याची गत पाहा. २०२१ सालीं त्यांनीं प्रॉव्हिडन्सला सातव्या जागीं बसविलें. तें कॉलेज आपल्या इतिहासांत प्रथमच पहिलें आलें. २०२२ सालीं मार्क्वेटला नववी जागा दिली. तो संघ वीसपैकीं सतरा सामने जिंकून पहिला आला. २०२४ सालीं सेंट जॉन्स पांचवें येईल म्हणाले; तें अठरा सामने जिंकून सर्वांच्या वर गेलें. ज्यांचें आयुष्य याच धंद्यांत गेलें आणि ज्यांना प्रत्येक खेळाडूची उंची व खोड पाठ, त्यांची ही कथा. आणखी एक मौज अशी कीं, ज्या हंगामांत मार्क्वेट पहिलें आलें त्याच हंगामांत कनेक्टिकटनें तेरा सामने जिंकून सात गमावले होते. परंतु २०२३ च्या एप्रिलांत साऱ्या देशाचें अजिंक्यपद मिळविलें तें कनेक्टिकटनेंच.

भविष्य चुकण्याचीं कारणें गूढ नाहींत. पहिलें कारण, हे खेळाडू अठरा ते बावीस वर्षांचे; एका उन्हाळ्यांत हाडापेरानें, समजुतीनें व हिंमतीनें केवढा बदल होईल याला माप नाहीं. दुसरें, अटीतटीच्या सामन्याचा निकाल शेवटच्या एका फेंकीवर लागतो. अशा पांच सामन्यांत दैव पाठीशीं उभें राहिलें तर सामान्य संघहि थोर दिसतो, आणि पुढल्या वर्षीं तें दैव तेथेंच थांबत नाहीं. तिसरें कारण अलीकडचें. पूर्वीं एक कॉलेज सोडून दुसऱ्यांत गेल्यास खेळाडूला बहुधा वर्षभर बाकावर बसावें लागे. २०२१ पासून एकदां, व २०२४ पासून कितीहि वेळां, तो बंधनावांचून जाऊं शकतो. आणि स्वतःच्या नांवावर पैसाहि मिळवूं शकतो. त्यामुळें गेल्या वर्षींचा संघ या वर्षीं त्याच नांवानें उभा असला तरी आंतलीं माणसें निराळीं असतात.

हें सर्व ध्यानांत घेऊन थोरल्यानें आपला एक ठोकताळा बसविला होता. ज्या संघानें गेल्या वर्षीं जितके सामने जिंकले असतील त्यांतून तो संघ मध्याकडे, म्हणजे दहाकडे, एक तृतीयांश ओढावयाचा. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यानें १८८६ सालीं दाखवून दिलें होतें कीं, फार उंच आईबापांचीं मुलें उंच असतात खरीं, परंतु सरासरीनें आईबापांइतकीं नसतात. तोच हा न्याय. कनेक्टिकटचे अठरा जय होते, म्हणून त्याला पंधरा दिले. डीपॉलचा आदल्या वर्षीं एकहि जय नव्हता, म्हणून त्याला तीन. धाकट्याचा न्याय वेगळा. त्याचें प्रेम घराजवळच्या सीटन हॉलवर. त्यानें सीटन हॉलला पहिलें केलेंच, पण इतरांनाहि वाईट वाटूं नये म्हणून सढळ हातानें जय वांटले. थोरल्यानें बेरीज केली ती एकशें एकतीस भरली!

“अरे, अकरा संघ आणि प्रत्येकाचे वीस सामने, म्हणजे सामने एकंदर एकशें दहा. जय एकशें दहाच व्हायचे. हे वरचे एकवीस कोणाच्या घरून आणलेस?” थोरला म्हणाला. धाकट्यानें मुकाट्यानें खोडरबर घेतलें. पण सीटन हॉलचा आंकडा कांहीं त्यानें कमी केला नाहीं.

दोन्ही कागद तारीख घालून स्वयंपाकघरांतील शीतकपाटावर चिकटविण्यांत आले, आणि मार्चमध्यें त्यांचा निवाडा झाला. कनेक्टिकटचे चौदा जय झाले व डीपॉलचे चार. थोरल्याचा ठोकताळा तेवढ्यापुरता नामी ठरला. परंतु आदल्या वर्षीं तेरा सामने जिंकणारें सीटन हॉल अवघे दोन जिंकून अकरावें आलें, आणि त्याचाच कॅडरी रिचमंड हा मोहरा सेंट जॉन्सला जाऊन मिळालेला असल्यामुळें तें कॉलेज अकरावरून अठरावर चढलें. दोघां भावांनीं आपापल्या चुका लाल पेन्सिलीनें मांडल्या, हंसले, आणि कागद वहींत जपून ठेवले. त्यांत कोणाला अपमान वाटला नाहीं, कारण भविष्य लेखी होतें, त्याला कारण दिलेलें होतें, आणि त्याला मुदत होती.

हें पाहतांना आमच्या मनांत जें राहून राहून येई तें खेळाविषयीं नव्हतें. आपल्या एकत्र कुटुंबांतहि असाच क्रम लावलेला असतो. आमच्या लहानपणीं वाड्यांत चुलत भावंडें धरून आम्ही सात मुलें होतों. घरांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांना मुलांची पारख आहे अशी ख्याति होती, आणि त्यांनीं सातांचाहि क्रम एका दिवाळींत फराळ करतां करतां लावून टाकला होता. पहिला कोण याची आज कोणालाहि आठवण नाहीं. सातवा लावला होता तो आमचा एक धाकटा चुलत भाऊ. शाळा त्यानें अर्ध्यावर सोडली. पुढें पाण्याच्या पंपांचें दुकान काढून त्यानें संसार नेटका केला, बहिणीचें लग्न केलें, आईबापांचें दुखणें काढलें. पन्नाशी उलटल्यावर एकदां आम्हीं त्याला विचारलें, “तूं परीक्षेला पुन्हां कां बसला नाहींस?” तो सहज म्हणाला, “मी सातवा होतों ना!” हें भविष्य कोणीं कागदावर लिहिलें नव्हतें, त्याला कारण दिलें नव्हतें, मुदत घातली नव्हती; म्हणूनच तें कधीं तपासलें गेलें नाहीं, आणि चाळीस वर्षें खरें होऊन बसलें.

म्हणून फेब्रुवारींत एके रात्रीं जेवतांना पुतण्या जेव्हां आम्हांस म्हणाला, “काका, थोरल्याची मला काळजी नाहीं, पण ह्या धाकट्याचें कांहीं खरें दिसत नाहीं,” तेव्हां आमचा घांस हातांतच राहिला. धाकटा समोरच बसलेला होता. त्यानें वर पाहिलें आणि विचारलें, “बाबा, हें कशावरून? आणि बघायचें केव्हां?” पुतण्या हंसूं लागला. तेव्हां तो पोर अगदीं गंभीरपणें म्हणाला, “शिवाय, कोचला स्वतःच्या संघाला मत देतां येत नाहीं.” यावर पुतण्याचें हंसूं थांबलें. थोड्या वेळानें त्यानें मुलाच्या पानांत स्वतःच्या हातानें तूप वाढलें, आणि तो विषय आमच्या मुक्कामांत पुन्हां निघाला नाहीं.

कोणी म्हणेल, मुलांचा कल पाहून वडिलांनीं कांहीं अंदाज बांधूंच नये काय? बांधावा, त्यावांचून शाळा, धंदा, पैशाची तरतूद यांपैकीं एकहि गोष्ट ठरावयाची नाहीं. परंतु अमुक मुलाला गणित जड जातें म्हणून यंदां त्याला रोज अर्धा तास शिकवूं, हा अंदाज झाला. अमुक मुलगा सहावा आणि अमुक सातवा, हा क्रम झाला. पहिल्यांतून काम निघतें, दुसऱ्यांतून केवळ शिक्का. ज्यांना शिक्का मारल्यावांचून राहवतच नाहीं त्यांनीं तो तारीख घालून कागदावर लिहावा, पेटींत ठेवावा, आणि दहा वर्षांनीं स्वतःच उघडून पाहावा. मुलाच्या कानावर मात्र तो जाऊं देऊं नये.

बिग ईस्टमध्यें एकाचा जय म्हणजे दुसऱ्याचा पराजय. बेरीज एकशें दहाच्या वर जात नाहीं, म्हणून तेथें कोणाला तरी अकरावें व्हावेंच लागतें. घराला असली बेरीज कोणीं घालून दिलेली नाहीं. एका मुलाला गाणें आलें म्हणून दुसऱ्याचें गणित कमी होत नाहीं, आणि थोरला पुढें गेला म्हणून धाकट्याला मागें राहण्याचें कारण नाहीं. धाकट्याच्या त्या पहिल्या कागदावरची एकशें एकतीसची बेरीज खेळाच्या हिशेबांत चुकली असेल. परंतु घरांतील मुलांचा हिशेब मांडतांना वडीलमाणसांचा हात तितकाच सढळ असावा, असें आम्हांस वाटतें.