गोठ्यातलं प्लायवूड कडेनं मरतं

दिवाळीच्या तोंडावर शिरपूर तालुक्यात शेळ्यांचे गोठे आणि कोंबड्यांची खुराडी झाडूनपुसून निघतात. गोठ्यांची लाकडी कामं हा माझा व्यवसाय, त्यामुळे याच दिवसांत निरोप येऊ लागतात: फळ्या फुगल्या, पापुद्रे सुटले, दुकानदारानं तर वॉटरप्रूफ म्हणून दिलं होतं.

दुकानदार बहुतेक वेळा खोटं बोललेला नसतो. पण वॉटरप्रूफ असतो तो डिंक. ‘एमआर’ शिक्क्याचा, म्हणजे आपण कमर्शियल म्हणतो तो प्लाय युरियाच्या डिंकानं चिकटवलेला असतो. ओल आणि उष्णता एकत्र आली की हा डिंक उकलतो. ‘आयएस ७१०’च्या मरीन प्लायमध्ये फिनॉलचा डिंक असतो आणि त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून पारखतात. तो सुटत नाही. मात्र डिंकाच्या दोन थरांमधलं लाकूड पाणी मिळालं की पिणारच.

ते पितं कडेनं. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. नळ्यांच्या तोंडातून पाणी जितक्या झपाट्यानं आत जातं, तितकं त्यांच्या पाठीतून जात नाही. प्लायचा एक थर उभा, एक आडवा, त्यामुळे चारही कडांना कोणत्या ना कोणत्या थराची तोंडं उघडी असतात. आतला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, फळी वाळून आकसते, कडेच्या रंगाला तडे पडतात आणि पहिल्याच पावसाचं पाणी त्या तड्यांतून शिरतं. समोरून ऑइलपेंटचे तीन जाड हात आणि करवतीनं कापलेली कड मात्र कोरी, अशा फळ्या मी सर्वांत लवकर कुजलेल्या पाहतो. पाणी कडेनं आत येतं आणि जाड रंग त्याला बाहेर पडू देत नाही.

म्हणून कापणं, भोकं पाडणं सगळं आधी उरकावं आणि पहिला डबा कडांसाठी उघडावा. प्रायमरचा पहिला हात पातळ करून जिरू द्यावा, वाळल्यावर आणखी दोन द्यावेत. स्क्रूच्या भोकांतही प्रायमर गेला पाहिजे. वरच्या कडेवर पत्र्याची वाकवलेली पट्टी बसवावी. खालची कड तिरकी तासावी, म्हणजे थेंब तिथं रेंगाळत नाही. फळीमागे दोन बोटं हवा खेळू द्यावी. आणि वळचण हात-दीड हात पुढे काढावी. रंगावर खर्च करण्याआधी मी गिऱ्हाइकाला पत्रा लांब घ्यायला सांगतो. सातपुड्यातल्या पावरा घरांचे बांबूचे कूड पाहा. भिंतीला वारा लागतो, छप्पर पुढे आलेलं असतं, आणि पाऊस झेलूनही भिंत वाळते.

जमिनीलगतच्या दोन फुटांत प्लाय लावूच नये. तिथं शेळ्यांचं मूत उडतं, लेंड्या साचतात, अमोनिया धरतो. विटांचं जोतं घ्यावं, खांब जुन्या अंजनाचे मिळाले तर उत्तम.

गाडीचं जळकं ऑइल फळ्यांना फासायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. त्यात इंजिन झिजून आलेले धातू असतात आणि शेळी दिसेल त्याला तोंड लावते. मरीन प्लायलाही बुरशी-उधई लागू नये म्हणून रसायन पाजलेलं असतं. जिथं जनावराचं तोंड पोचतं, तिथं कडेवर लोखंडी अँगल हवाच.

खुराड्यात प्रश्न रोगाचाही आहे. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला, म्हणजे आपल्या खानदेशातच निघाला. २०२१ मध्ये तो तिथं पुन्हा आला. पापुद्रे सुटलेल्या फळीच्या भेगांत विष्ठा बसते आणि जंतुनाशक आतपर्यंत पोचत नाही. अशी फळी धुण्यात वेळ न घालवता ती काढून टाकावी.

पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेनं विकसित केलं. आपल्यासारख्या कापूसपट्ट्याला ते मोलाचं वाटतं, मलाही वाटतं. पण पार्टिकल बोर्ड घरातल्या कपाटासाठी. उघड्यावर एकदा फुगला की तो मूळ जाडीवर येत नाही.

आता यंदाचं. सण आला म्हणून लगेच रंगाचा ब्रश उचलू नका. फळीत भाद्रपदातलं पाणी अजून आहे, वरून रंग दिला तर ते आतच कोंडेल. सुटे पापुद्रे खरवडा, फळीच्या दोन्ही बाजूंना वारा लागू द्या आणि मार्गशीर्षातल्या कोरड्या हवेत, ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर हात द्या. सुताराकडे ओलावा मोजायचं छोटं यंत्र असतं, ते लावून पाहायला सांगा. काढलेल्या जुन्या फळ्या चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबात घालू नका. रसायन पाजलेल्या प्लायचा धूर आणि राख दोन्ही विषारी असतात, आणि ती राख आपल्याकडे पुन्हा भांड्यांना आणि परसातल्या वांग्यांना जाते.