उजेड रस्त्यावर पडावा

हल्ली आपल्या वस्त्यांतून चारचाकी गाडी ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. ताडीवाला रोड घ्या, येरवडा घ्या, दापोडी घ्या की रामटेकडी, गल्लीच्या तोंडाशी दोन-चार जुन्या व्हॅन, एखादा छोटा हत्ती आणि रिक्षांची रांग दिसतेच. यांतली फारच थोडी वाहने हौसेची आहेत. बाकीच्यांवर घर चालते, हप्ता भरला जातो, पोरांची फी निघते. अशा घरात गाडीचा दिवा हाही कुटुंबाचाच विषय ठरतो, म्हणून आज त्यावर चार शब्द लिहीत आहे.

मी स्वतः तीसेक वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम केले. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून बल्ब, होल्डर, रिले आणायचे आणि झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीत बसवायचे, हा माझा धंदा. त्या अनुभवावरून सांगतो, घरच्या घरी करण्यासारखी जी कामे आहेत त्यांत हेडलाइटचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त बिघडवले जाणारे आहे.

माझ्या पुतण्याकडे दहा-बारा वर्षांची व्हॅन आहे. सकाळी शाळेची मुले आणि सुटीच्या दिवशी लग्नाकार्याची भाडी, असा त्याचा दिनक्रम. दिवे मंद पडले म्हणून त्याने एका दुकानातून पांढऱ्या-निळ्या झगझगीत उजेडाचे एलईडी बल्ब आणून बसवले. काचांच्या कडेने रंगीत पट्टीही लावली. गल्लीत चार मुले जमली, कौतुक झाले. पण वर्षाच्या पासिंगला गाडी नेली तेव्हा दिव्यांवरून ती परत आली. दोन दिवस धंदा बुडाला, मुलांचे पालक नाराज झाले ते वेगळेच. मग तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "नाना, पैसेही गेले आणि गाडीही उभी राहिली. आता काय करायचे ते तुम्हीच सांगा."

त्याला मी आधी बल्ब काढून हातात दिला. वाचकांनीही हे समजून घ्यावे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत एच-फोर नावाचा बल्ब असतो. त्याच्या पोटात दोन तारा असतात, एक ६० वॅटची अप्परची आणि दुसरी ५५ वॅटची डिप्परची. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरूनच उजेड परततो आणि रस्त्यावर खाली पडतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत तो चढत नाही. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून डाव्या कडेला तो थोडा वर उचललेला असतो. कडेने चालणारा माणूस दिसावा हा त्यामागचा हेतू. सगळी करामत तार नेमकी कुठे आहे यावर अवलंबून. स्वस्त एलईडीत उजेडाची जागा तारेच्या जागी बसत नाही, मग रिफ्लेक्टर तो उजेड वाटेल तसा उधळतो. आपल्याला वाटते, वा, केवढा प्रकाश! प्रत्यक्षात निम्मा उजेड झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत गेलेला असतो.

हिशोब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. डोळे दिपले आणि तीन सेकंद काही दिसले नाही, तर गाडी ५० मीटर आंधळी धावली. त्या ५० मीटरांत कोण असते, याचा विचार आपल्या समाजाने तरी केला पाहिजे.

माझ्या आक्काने, म्हणजे थोरल्या बहिणीने, तीस वर्षे पुण्याचे रस्ते झाडले. हिवाळ्यात अंधार असतानाच ती हातात खराटा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असे. तिच्या बरोबरीच्या एका बाईला अशाच एका पहाटे टेंपोची धडक बसली. मांडीचे हाड मोडले, सहा महिने ती अंथरुणाला खिळली आणि घरातल्या मुलीची शाळा त्या वर्षी सुटली. टेंपोवाला दारू प्यायलेला नव्हता, वेगातही नव्हता. तो एकच सांगत होता, "समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांवर आला, बाई दिसलीच नाही." त्या समोरच्या गाडीवाल्याला तर आपल्या मागे काय घडले याचा पत्ताही लागला नसेल. आक्का अजूनही तो दिवस विसरलेली नाही.

झाडणारी बाई, तिसरी पाळी सुटून सायकलवर येणारा कामगार, दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा, हातगाडी ढकलणारा म्हातारा, पहाटेच्या रस्त्यावर ही माणसे असतात. बंद काचेच्या गाडीत बसणारे त्यांत थोडे. म्हणजे आपण लावलेला आंधळा करणारा दिवा फिरून आपल्याच माणसाच्या अंगावर येतो. माझ्या पुतण्याची व्हॅनही त्याच वेळी, सकाळी सहाच्या सुमारास, मुले भरायला निघते.

असो. आम्ही एका रविवारी ते काम घरीच केले. पैसे फारसे लागले नाहीत. क्रमाने सांगतो.

पहिले काम काचेचे. नव्या गाड्यांची काच खरी काच नसते, ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. उन्हाने त्यावरचा संरक्षक थर जातो आणि ती पिवळी, धुरकट होते. आपल्या गाड्या बाराही महिने उघड्यावर, त्यामुळे हे लवकर होते. टूथपेस्ट चोळल्याने चार दिवस चमक येते, पुन्हा जैसे थे. नीट करायचे तर काचेभोवतीच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावून रंग वाचवावा. मग पाण्यात भिजवलेला ८०० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १५००, नंतर २००० असा एकाच दिशेने फिरवावा. काच आधी अधिकच पांढरी दिसते, घाबरू नये. शेवटी पॉलिश लावून मऊ फडक्याने घोटावी आणि उन्हापासून वाचवणाऱ्या लॅकरचा हात द्यावा. तो हात दिला नाही तर काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो. खऱ्या काचेचे जुने दिवे पिवळे पडत नाहीत. तिथे आतला रिफ्लेक्टर काळवंडला आहे का ते पाहावे.

दुसरे काम वायरिंगचे, आणि खरे रहस्य इथेच आहे. गाडी जुनी झाली की स्विच, कनेक्टर आणि बारीक वायरींत वीज गळते. बॅटरीवर १२ व्होल्ट असतात, बल्बपाशी साडेदहाच पोचतात. एवढ्याने उजेड जवळजवळ एक तृतीयांश कमी होतो. लोक बल्बला दोष देतात आणि १०० वॅटचा बल्ब आणतात. पुतण्याची मुलगी दहावीत आहे. तिला मी वही आणायला सांगितले. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर, हे ती शाळेत शिकलेली होती. ६० भागिले १२ म्हणजे ५, दोन बल्बांचे १०. तेच १०० वॅटचे दोन बल्ब लावले तर जवळजवळ १७ अँपिअर. तिने वहीतून मान वर करून विचारले, "आजोबा, वायर तीच आणि वीज जवळजवळ दुप्पट, मग ती तापणार नाही का?" तापते. होल्डर वितळतो, स्विच जळतो आणि कधी गाडीही पेट घेते.

उपाय रिलेचा. प्रथम बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडावे. मग बॅटरीपासून जाड वायर घेऊन, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज टाकून, रिलेमार्गे बल्बपर्यंत न्यावी. अप्परला एक रिले, डिप्परला एक. अर्थिंगची वायरही जाड घ्यावी. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, भार त्याच्यावर येत नाही. बल्ब मात्र कंपनीने दिलेला तोच, ६०/५५ वॅटचा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये, हाताच्या तेलाने ती काच एका जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. नव्या फॅक्टरी वायरिंगला ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी हे काम जाणकाराला सोबत घेऊनच करावे.

तिसरे काम दिव्याची नजर लावण्याचे. चाकांत हवा बरोबर भरून, चालकाच्या जागी माणूस बसवून, गाडी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरांवर उभी करावी. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिप्परचा वरचा काठ त्या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली पडला पाहिजे. गल्लीत पाचच मीटर जागा असेल तर ५ सेंटिमीटर. दिव्यामागचा स्क्रू फिरवला की काठ वर-खाली होतो. आम्ही विहाराच्या मागच्या भिंतीवर रेघा मारल्या, सूनबाई चालकाच्या जागी बसली, मुलीने पट्टी धरली. पुढच्या वेळी त्याच गाडीचे पासिंग अडचणीविना झाले.

कायद्याचेही ध्यानात ठेवावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नमुन्यात मालकाला मनमानी बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा फेरबदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दिवा कसा असावा याच्या चाचण्या याच पुण्यात, वेताळ टेकडीच्या अंगावरच्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या 'एआरएआय' संस्थेत होतात. तिथे मोजून-मापून ठरलेली गोष्ट आपण शंभर-दोनशे रुपयांच्या बल्बने मोडू नये.

कुणी म्हणेल, धार्मिक साप्ताहिकात हे बल्ब-रिले कशाला? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, तेव्हा मजूर खात्याबरोबर विजेचा कारभारही त्यांच्याकडे होता. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, हा विचार त्यांनी त्या काळात आग्रहाने मांडला. वीज आणि यंत्र समजून घेणे हे आपल्याला परके नाही. आणि पंचशीलातले पहिले शील जीवाला इजा न करण्याचे आहे. ते फक्त हातातल्या काठीला लागू आहे असे नाही, गाडीच्या दिव्यालाही लागू आहे. मंद दिवा आपल्याला खड्ड्यात घालतो, उधळलेला दिवा दुसऱ्याला. दोन्ही टाळून मधला रस्ता धरणे आपल्याला नवीन सांगायला नको.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी जिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली त्या देहूरोडला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आपल्या वस्त्यांतून गाड्या निघतात. कित्येक रात्रीच निघतात, आणि त्याच रस्त्याने पायी जाणारे आपले बांधवही असतात. माझी सूचना अशी. डिसेंबर लागण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी प्रत्येक विहाराच्या भिंतीवर खडूने दोन रेघा माराव्यात. वस्तीतल्या आय.टी.आय. झालेल्या, वायरिंग येणाऱ्या मुलांनी पाने-स्क्रू ड्रायव्हर घेऊन यावे आणि वस्तीतली प्रत्येक रिक्षा, व्हॅन, टेंपो त्या रेघांसमोर उभा करून दिवे तपासून द्यावेत. मुलींनाही बोलवावे, हिशोब त्यांना चांगला येतो. खर्च खडूचा आणि चहाचा. जयभीम.